माशांना खाद्यातून लस: आपल्या रोहू-कटल्यापर्यंत कधी पोचणार?

तळ्याकाठी (इंदापूर) · रविवार, रात्री ९.१०

रामराम मंडळी. पाऊण एकराचं शेततळं आहे, कागद टाकलेलं. गेल्या श्रावणात रोहू, कटला, मृगळ मिळून तीन हजार बोटुकली सोडली. माघात रात्री गारठा आणि दुपारी कडक ऊन सुरू झालं, तसे मासे कडेला येऊन थांबायला लागले. पोट फुगलेलं, खवले उभे राहिलेले, परांच्या मुळाशी रक्ताळलेलं. बारा दिवसांत सहाशेच्या वर मासे हातानं काढून खड्ड्यात पुरले. अर्ध्या-पाऊण किलोचे झाले होते.

दुकानातून अँटिबायोटिकची पावडर आणली, तेलात कालवून खाद्याला चोळली. पण आजारी मासा खायला वर येतच नव्हता. धडधाकट माशांनी औषध खाल्लं, उरलेलं पाण्यात गेलं. ज्याला गरज होती त्याच्या तोंडात कणही गेला नाही. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. आजार यायच्या आधी, मासा भुकेनं तुटून पडतो तेव्हाच, खाद्यातून लस देता येत नाही का? मेहुण्याच्या पोल्ट्रीत कोंबड्यांना लासोटा ही लस पिण्याच्या पाण्यातून देतात. आपण लेकरांना पोलिओचे थेंब तोंडात पाजतो. मग माशाला का नाही? जाणकारांनी सविस्तर सांगावं, वेळ लागला तरी चालेल.

कुक्कुटमित्र · रविवार, रात्री ९.५२

दादा, सहाशे मासे हातानं पुरायचे म्हणजे काय वाटत असेल, समजू शकतो. लासोटाबद्दल एवढंच सांगतो की तिथेही नुसती बाटली पाण्यात ओतून भागत नाही. पाण्यात क्लोरीन असून चालत नाही, दुधाची पावडर घालावी लागते, पक्षी आधी तासभर तहानलेले ठेवावे लागतात, म्हणजे सगळे एकदम पितात. शिवाय ती जिवंत लस आहे, पक्ष्याच्या अंगात वाढते. माशाची लस जिवंत असते की मेलेली? सगळा फरक तिथे पडेल असं वाटतं.

कल्ले_खवले · सोमवार, सकाळी ७.१५

तळ्याकाठी दादा, मी मत्स्यविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण मंगळूरला घेतलं, विषय माशांचे रोग. तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून जरा लांबण लावते.

तुम्ही जे पाहिलंत तेच या साऱ्या विषयाचं मूळ आहे. मासा आजारी पडला की पहिल्यांदा त्याचं खाणं सुटतं. त्यामुळे खाद्यातून दिलेलं औषध कायम चुकीच्या माशाच्या पोटात जातं. लस निरोगी माशाला द्यायची असल्यामुळे ही अडचण तिच्यापुरती सुटते. आणि ही कल्पना नवी नाही. १९४२ साली कॅनडात डफ नावाच्या शास्त्रज्ञाने फुरंक्युलोसिस या रोगाचे जंतू क्लोरोफॉर्मने मारून ट्राउट माशांना खाद्यातून दिले होते आणि त्या माशांना संरक्षण मिळालं होतं. म्हणजे माशांच्या लसीकरणाची सुरुवातच सुईपेक्षा खाद्याने झाली असं म्हणायला हरकत नाही. पुढे सल्फा औषधं आणि अँटिबायोटिक्स स्वस्त झाली आणि हा विषय कित्येक वर्षं मागे पडला.

अडचण पचनाची आहे. मारलेले जंतू खाद्यात मिसळले की माशाच्या दृष्टीने ते अन्नच. आतड्यातली पाचकद्रव्यं त्यांचे तुकडे करतात आणि शरीराला शत्रूची ओळख पटेल अशी खूण उरतच नाही. ती खूण आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत शाबूत पोचावी लागते, कारण मोठे प्रथिनकण आत ओढून घेणाऱ्या पेशी तिथेच जास्त असतात. २०१० साली ट्राउटवर झालेल्या संशोधनातून कळलं की आतड्याच्या संरक्षणासाठी माशांकडे आयजीटी नावाची वेगळी प्रतिपिंडं असतात. सुईने लस दिली की मुख्यतः रक्तातली फौज उभी राहते, तोंडावाटे दिली की आतड्याच्या दारावरची फौजही जागी होते. रोगजंतू बरेचदा त्याच दाराने आत शिरतो, म्हणून हे महत्त्वाचं.

आता आपल्या भागासाठी चांगली गोष्ट. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस या कार्प कुळातल्या माशांना जठर नसतंच. घशातून सरळ आतडं. त्यामुळे आम्लाचा तडाखा लशीला बसत नाही. चिलापीचं जठर मात्र भयंकर आम्लधर्मी, पीएच २ च्याही खाली जाऊ शकतो. सामन (सॅल्मन) माशालाही जठर असतं. म्हणजे खाद्यातल्या लशीसाठी निसर्गाने आपल्या माशांची वाट निम्मी मोकळी ठेवली आहे. हे आठवलं की मला दर वेळी हळहळ वाटते, कारण त्या वाटेवर आपण फार थोडं चाललो.

थोडं तरी चाललो, ते पुढच्या प्रतिसादात लिहिते. आता कामावर जायचं आहे.

भीमाकाठ · सोमवार, सकाळी ८.०५

ताई, उजनीच्या पाण्यात पिंजऱ्यात चिलापी आहे माझी. म्हणजे आम्हाला खाद्यातली लस कधीच नाही का? गेल्या उन्हाळ्यात डोळे बाहेर आलेले, गोल गोल फिरणारे मासे बरेच मेले.

कल्ले_खवले · सोमवार, दुपारी १.३०

भीमाकाठ दादा, कधीच नाही असं नाही. गोल फिरणं, डोळे सुजणं ही स्ट्रेप्टोकॉकस या जंतूच्या रोगाची लक्षणं असू शकतात. पण त्यावर थांबू नका, तपासणी करूनच ठरवा. जठर असलेल्या माशासाठी लशीला कवच घालावं लागतं. अल्जिनेट हा समुद्री शेवाळातला पदार्थ आणि कायटोसान हा कोळंबीच्या कवचातून काढलेला पदार्थ त्यासाठी वापरून पाहिले आहेत. कवच जठरात टिकलं पाहिजे आणि आतड्यात सुटलं पाहिजे. कवचाने खर्च वाढतो, खरी गाठ तिथे आहे. चिलापीला स्ट्रेप्टोकॉकसवर बाहेरच्या देशांत सुईची लस देतात, पण ती एकेक मासा हातात धरून.

आता मंगळूरची गोष्ट. तिथल्या मत्स्य महाविद्यालयात डॉ. के. एम. शंकर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एरोमोनास हायड्रोफिला या जंतूवर काम केलं. दादा, तुमची लक्षणं वाचून माझ्या मनात पहिल्यांदा आला तो हाच जंतू. नदीतल्या दगडावर बुळबुळीत थर बसतो ना, जंतू तसेच एकमेकांना चिकटून, स्वतःभोवती चिकट आवरण करून राहतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. या मंडळींनी कायटिनच्या (कोळंबीच्या सालीत असतो तो पदार्थ) बारीक कणांवर जंतूंचा असा थर वाढवला, मग उष्णतेने जंतू मारले आणि ते कण खाद्यात मिसळून कार्प माशांना काही दिवस सलग दिले. सुटे सुटे वाढवलेले जंतू पोटात पचून जातात. चिकट आवरणातले जंतू तग धरतात. पुढे आतडं, प्लीहा आणि मूत्रपिंड तपासली तेव्हा बायोफिल्म लशीचे अंश सुट्या जंतूंपेक्षा जास्त काळ तिथे सापडले. प्रतिपिंडं जास्त तयार झाली आणि मुद्दाम रोग दिला तेव्हा जास्त मासे जगले. नंतर हेच तंत्र मागूर आणि मरळ या माशांवरही करून पाहिलं गेलं.

विचार करा. महागडं कवच बाहेरून घालायची गरजच पडली नाही, जंतूने ते स्वतःच विणलं. आपल्या देशात, आपल्या माशांवर, आपल्याकडे टाकून दिल्या जाणाऱ्या कोळंबीच्या सालींच्या जातीचा पदार्थ वापरून हे झालं. मी विद्यार्थिनी असताना हे निबंध वाचून रात्री झोप लागली नव्हती.

बर्गनकर · सोमवार, संध्याकाळी ६.४०

नमस्कार. मूळचा कोल्हापूरचा, गेली काही वर्षं नॉर्वेत सामन उद्योगात नोकरी. इथली गोष्ट सांगतो, कारण लशीने काय होऊ शकतं हे इथे एका पिढीने पाहिलंय.

१९८७ साली नॉर्वेच्या मत्स्यशेतीत जवळजवळ ५० टन अँटिबायोटिक वापरलं गेलं. तेव्हा माशांचं उत्पादन लाख टनांच्याही खाली होतं. आज उत्पादन दहा लाख टनांच्या कितीतरी वर आहे आणि अँटिबायोटिक वर्षाला एका टनापेक्षाही कमी. यात सर्वांत मोठा वाटा लशींचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फुरंक्युलोसिसवर तेलात बनवलेली लस आली आणि आकडे कोसळले. सोबतीला एका खाडीत एकाच वयाचे मासे ठेवणं, माशांच्या दोन पिढ्यांमध्ये पिंजरे काही काळ रिकामे सोडणं हेही कडकपणे पाळलं गेलं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो: ही लस सुईची आहे, खाद्यातली नाही. लहान मासा गुंगीच्या पाण्यात टाकतात, मशीन पोटात सुई टोचतं. तेलामुळे काही माशांच्या पोटात आतडी एकमेकांना चिकटतात, तो त्रासही आहेच. सामन महाग विकला जातो म्हणून प्रत्येक माशामागे हा खर्च परवडतो. रोहूला परवडेल असं मला वाटत नाही. म्हणून तुमच्या तळ्यासाठी कल्ले_खवले ताई म्हणतात तीच वाट बरोबर वाटते.

तळ्याकाठी · सोमवार, रात्री ८.२०

ताई, बर्गनकर भाऊ, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तीन हजार मासे जाळ्यात धरून एकेकाला सुई द्यायची म्हटलं तर निम्मे हाताळणीतच खवले निघून मरतील. माझा आणखी एक प्रश्न. तळ्यात दांडगे मासे आधी खातात, बारके मागे राहतात. लस सगळ्यांना सारखी कशी मिळणार?

जुने_मत्स्यखाते · सोमवार, रात्री १०.०५

मी मत्स्यव्यवसाय खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. चर्चा चांगली चालली आहे, पण मला काळजी वाटते म्हणून थोडं विरोधी लिहितो.

एरोमोनास प्रत्येक तळ्यात असतो. निरोगी माशाच्या आतड्यातही असतो. तो मारतो केव्हा? पहाटे प्राणवायू घसरतो तेव्हा, तळाशी उरलेलं खाद्य कुजून अमोनिया वाढतो तेव्हा, जाळं ओढताना खवले निघतात तेव्हा. त्यातून या जंतूचे प्रकार इतके आहेत की एका तळ्यातल्या जंतूवर केलेली लस शेजारच्या तळ्यात चालेलच असं नाही. चाळीस वर्षांत मी शेकडो तळी पाहिली. जिथे एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) पहाटे चालतो, पाणी वेळेवर बदलतं आणि खाद्य मोजून पडतं, तिथे मर क्वचितच दिसली. शेतकऱ्याला लशीची आशा लावली की तो पाण्याकडे पाठ फिरवेल, ही माझी भीती आहे. आधी पाणी.

कल्ले_खवले · मंगळवार, सकाळी ६.५०

सर, पाण्याबद्दल तुमचा शब्द न् शब्द मान्य. जंतूंच्या प्रकारांचा मुद्दाही खरा आहे आणि तो या लशीचा सर्वांत मोठा अडथळा आहे. पण "आधी पाणी" म्हणताना "मग लस" हे दुसरं वाक्य आपण कधी बोललोच नाही. पाणी उत्तम ठेवणाऱ्या शेतकऱ्याचीही माघात रात्र-दिवसाच्या तापमानाच्या फरकाने मर होते, त्यावर त्याचा इलाज चालत नाही. दादांचं उदाहरण समोर आहे.

दादांचा सारखं वाटप होण्याचा प्रश्न अगदी नेमका आहे आणि त्याचं सर्वांत चांगलं उत्तर मला अमेरिकेतल्या मिसिसिपीत सापडतं. तिथे तळ्यात कॅटफिश वाढवतात. एडवर्डसिएला इक्टॅलुरी या जंतूने बोटुकली फार मरायची. रोग साधारण २० ते २८ अंश पाण्यात, म्हणजे वसंतात आणि पानगळीच्या सुरुवातीला येतो. पूर्वी आठ-दहा दिवसांच्या पिल्लांना लशीच्या पाण्यात बुडवून काढत, पण इतक्या कोवळ्या वयात माशाची प्रतिकारशक्तीच तयार नसते, त्यामुळे फायदा कमी. शेतकरी शेवटी रोगाच्या दिवसांत खाद्य कमी करायचे. न खाणारा मासा कमी मरतो, पण वाढतही नाही. दोन्हीकडून तोटा.

मिसिसिपी राज्य विद्यापीठाच्या स्टोनव्हिल इथल्या केंद्रात डेव्हिड वाइज आणि सहकाऱ्यांनी जंतूचा दुर्बळ केलेला जिवंत प्रकार तयार केला. तो बर्फात गोठवून ठेवतात, तळ्यावर आणून वितळवतात आणि खाद्य फेकणाऱ्या गाडीवरच यंत्राने खाद्यात मिसळून बोटुकलीला देतात. पिल्लं तळ्यात सोडून काही आठवडे झाल्यावर, ती चांगली खायला लागली की. कुक्कुटमित्रांनी विचारलं होतं त्याचं उत्तर इथे आहे: जिवंत लस माशाच्या अंगात थोडी वाढते, म्हणून एखाद्या माशाने कमी खाल्लं तरी मात्रा पुरते. लासोटाचं आणि पोलिओच्या थेंबांचं तत्त्व तेच. लस दिलेल्या तळ्यांत रोगाच्या दिवसांतही रोज पोटभर खाद्य देता आलं. मला सर्वांत जास्त आवडलेला भाग हा, कारण तिथे शेतकऱ्याचा हात मोकळा झाला.

मेलेल्या जंतूंच्या लशीत हा फायदा नाही. म्हणून ती जास्त प्रमाणात, बरेच दिवस सलग द्यावी लागते, म्हणजे दांडग्यांचं पोट भरल्यावर बारक्यांनाही वाटा मिळतो. खाद्य एकाच कोपऱ्यात न टाकता चारी बाजूंनी पसरून टाकायचं. शिवाय ती अर्धवट मात्रेत महिनोन् महिने देत राहिलं तर उलटाही परिणाम होऊ शकतो. शरीर त्या जंतूला अन्नच समजून त्याच्याकडे काणाडोळा करायला शिकतं. कार्पमध्ये हे दिसलेलं आहे. म्हणून ठराविक दिवस द्यायची, थांबायचं आणि पुढे एकदा पुन्हा आठवण करून द्यायची.

जुने_मत्स्यखाते · मंगळवार, सकाळी ९.३०

ताई, मिसिसिपीतल्या खाद्य कमी करण्याच्या गोष्टीने मला विचार करायला लावलं. आमच्या वेळी आम्हीही शेतकऱ्यांना हिवाळ्यात रोग दिसला की खाद्य बंद करा असंच सांगायचो. मासा उपाशी ठेवणं हा उपाय आम्हीच शिकवला. त्याऐवजी दुसरं काही हातात असतं तर नक्की दिलं असतं. माझा विरोध लशीला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

मोदकाची_आमटी · मंगळवार, दुपारी १२.१०

मी शेतकरी नाही, फक्त मासे खाणारी. लस दिलेला मासा खाल्ला तर आपल्याला काही होतं का? घरात लहान मुलं आहेत म्हणून विचारते.

कल्ले_खवले · मंगळवार, दुपारी २.४५

ताई, विचारलंत ते बरं केलंत. मारलेल्या जंतूंची लस म्हणजे प्रथिनं आणि साखरेचे रेणू, मासा ती पचवतो. आणि लस लहान बोटुकलीला देतात, मासा ताटात येईपर्यंत कित्येक महिने गेलेले असतात. काळजी करायचीच तर अँटिबायोटिकच्या अंशाची करा. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं मत्स्यशेतीत आपल्याकडे बंद आहेत, ती याच कारणाने. शिवाय तळ्यात वारंवार अँटिबायोटिक पडलं की त्याला न जुमानणारे जंतू तयार होतात आणि ते तळ्याच्या बांधाशी थांबत नाहीत. मुलांसाठी मासा नीट शिजवा, एवढं पुरे.

शिवार_सोलापूर · मंगळवार, संध्याकाळी ७.००

एक सुचतंय. आजारी माशांची मूत्रपिंडं वाटून, उकळून, खाद्यात मिसळून दिली तर? लस घरीच झाली. आमच्याकडे एक जण असं करणार म्हणत होता.

कल्ले_खवले · मंगळवार, संध्याकाळी ७.१२

नाही. कृपा करून कुणीही हे करू नका आणि त्या गृहस्थांनाही थांबवा. उकळलं तरी सगळे जंतू मेले याची घरी खात्री करता येत नाही. त्या माशात दुसरा एखादा विषाणू वा परजीवी असेल तर तो तुम्ही आपल्या हाताने साऱ्या तळ्याला भरवाल. मेलेला मासा खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरा.

भीमाकाठ · मंगळवार, रात्री ९.२५

ताई, एका दुकानात "माशांची लस" म्हणून बाटली दिली मला, खाद्यात मिसळायची. दीड हजार रुपये लिटर. फोटो टाकत नाही, पण तिच्यावर कोणत्या जंतूवर चालते ते लिहिलेलंच नाही.

कल्ले_खवले · मंगळवार, रात्री १०.१५

मग ती लस नाही दादा. लस नेहमी ठराविक रोगावर असते, त्या जंतूचं नाव लेबलवर असायलाच हवं. सोबत परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि कुठल्या तापमानाला ठेवायची ते. लस साधारण २ ते ८ अंशांत ठेवतात. उन्हात फळीवर ठेवलेली बाटली पाहूनच शंका घ्या. तुमच्या बाटलीत बहुधा प्रोबायोटिक किंवा बीटा ग्लुकानसारखं ताकद वाढवणारं काहीतरी असेल. त्याचा थोडाफार उपयोग होतो, पण त्याने शरीराला शत्रूची आठवण राहत नाही. त्याला लस म्हणून विकणं चूक आहे, आणि अशा बाटलीने फसलेला शेतकरी खरी लस येईल तेव्हा तिच्यावरही विश्वास ठेवणार नाही, याचं मला जास्त दुःख आहे.

आणखी एक. कुणी दावा केला की "आमच्या लशीने ७५ टक्के संरक्षण", तर त्याचा अर्थ विचारा. लस न दिलेल्या १०० माशांपैकी ८० मेले आणि दिलेल्या १०० पैकी २० मेले, तर ते ७५ टक्के होतात. न दिलेल्या माशांचा आकडाच नसेल तर त्या टक्क्यांना अर्थ नाही.

जुने_मत्स्यखाते · बुधवार, सकाळी ७.४०

तळ्याकाठी, आता करण्यासारखं सांगतो. नमुना म्हणून मेलेला मासा नेऊ नका. तो कुजायला लागला की त्यात पन्नास जंतू वाढतात आणि अहवाल चुकतो. लक्षणं दिसणारा पण जिवंत मासा, प्राणवायू भरलेल्या पिशवीत, सोबत तळ्याचं पाणी वेगळ्या बाटलीत. उदगीर, नागपूर, रत्नागिरीजवळ शिरगाव इथे मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. आधी फोन करून वेळ ठरवा. २०२३ पासून "रिपोर्ट फिश डिसीज" हे सरकारी अॅपही आहे, त्यात फोटोसकट नोंद करा. कोणत्या तालुक्यात एरोमोनासचे कोणते प्रकार आहेत हे नोंदींतूनच कळेल, आणि ते कळल्याशिवाय लस कशाची बनवायची हेच ठरणार नाही.

तळ्याकाठी · पंधरा दिवसांनी, गुरुवार, रात्री ८.५०

सर, ताई, सगळ्यांचे आभार. तुम्ही सांगितलं तसं तीन जिवंत मासे आणि पाणी घेऊन गेलो. मूत्रपिंडातून एरोमोनासच वाढला. दुकानदारानं दिलेल्या औषधाला तो जंतू दादच देत नाही असं अहवालात आहे. म्हणजे ते औषध खायला मासा वर आला असता तरी काही झालं नसतं. पाण्यात पहाटे पाच वाजता प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅम निघाला. एअरेटर मी रात्री दहाला बंद करायचो, वीजबिलासाठी. आता पहाटे दोन ते सूर्य वर येईपर्यंत चालू ठेवतो. मर थांबली आहे.

तपासणाऱ्या मॅडमनी तो जंतू जपून ठेवलाय. बायोफिल्मचं विचारलं तर त्या खुर्चीतून पुढे सरकल्या, म्हणाल्या की माझ्यासारख्या दहा-बारा तळ्यांचे जंतू एकत्र मिळाले तर कामाला सुरुवात करता येईल. इंदापूर, करमाळा, दौंड, माढा भागात ज्यांच्या तळ्यात अशी मर झाली असेल त्यांनी मला इथे निरोप टाका. नमुने नेण्यासाठी महिन्यातून एकदा माझी गाडी जाईल, पिशव्या आणि प्राणवायूचा सिलिंडर माझ्याकडे आहे.

भीमाकाठ · गुरुवार, रात्री ९.०२

माझी चिलापी पण घ्याल का?

तळ्याकाठी · गुरुवार, रात्री ९.०५

घेतो. पुढच्या मंगळवारी पहाटे पाचला निघतो, पळसदेवच्या फाट्यावर थांबा.